यादी शाबूत, फोटो गायब

आमच्या टेबलावर येणारी मेमरी कार्डं बहुतेक सरळ मेलेली असतात. फोनला दिसतच नाहीत, नाहीतर ‘फॉरमॅट करा’ असा धोशा लावतात. त्या दिवशी आलेलं कार्ड मात्र ठणठणीत असल्यासारखं वागत होतं. मालक बांधकामावरचा साइट इंजिनिअर. “दादा, गॅलरीत सगळे फोटो दिसतायत की! नुसते उघडत नाहीत.” फोटोवर बोट टेकवलं की काळा पडदा.

फोटो होते स्लॅबच्या सळयांचे, काँक्रीट ओतण्याआधीचे. सळयांमधलं अंतर किती, जोड कुठे, हे दाखवणारे. एकदा काँक्रीट पडलं की असे फोटो पुन्हा काढता येत नाहीत, आणि बिलासोबत नेमके तेच जोडायचे होते.

कार्डावर छापलं होतं २५६ जीबी. फोनच्या सेटिंगमध्येही तेवढीच जागा दिसत होती. मी आधी कार्ड फोनमधून काढलं, कारण अशा वेळी त्यावर नवं काही लिहिलं जायला नको. रीडरला लावून त्याची जशीच्या तशी प्रत घेतली आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवरच केलं. सुरुवातीचा साधारण ३० जीबीचा भाग नीट भरलेला. त्यापुढे थेट शेवटपर्यंत शून्यं.

बरोबर त्या हद्दीवरचा एक फोटो अर्धा उघडला. वर सळया, बांधणीच्या तारेचे पीळ, आडवी धरलेली टेप. आणि मध्येच एका सरळ रेषेखाली सगळं राखाडी. तो पाहून इंजिनिअर गप्पच झाला.

आत ३२ जीबीची चिप होती आणि कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणाऱ्या भागाला, २५६ सांगायला शिकवलेलं होतं. फोन कार्डाला आकार विचारतो आणि ते सांगेल तो मानतो, मोजून पाहत नाही. खरी जागा संपली की काही बनावट कार्डं नवा डेटा जुन्या फायलींवर लिहितात, काही घेतल्यासारखं करून टाकून देतात. हे टाकून देणारं. फायलींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे खऱ्या चिपवर असते. त्यामुळे नाव, तारीख, आकार सगळं बिनचूक. अनुक्रमणिका पूर्ण छापलेली आणि पुढची पानं कोरी, तसला प्रकार. गॅलरीतली छोटी चित्रं तर फोनने स्वतःच्या मेमरीत ठेवलेली, मग शंका यावी तरी कशी?

“एखादं सॉफ्टवेअर लावून बघा ना,” तो म्हणाला. डिलीट झालेलं पुष्कळदा परत मिळतं; पण जे मुळात लिहिलंच गेलं नाही, ते आणायचं कुठून? शेवटी फोनच्या अंतर्गत मेमरीत, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवलेल्या प्रती सापडल्या. आकार घटवलेल्या. सळया मोजता येत होत्या, टेपवरचे आकडे बऱ्याच ठिकाणी वाचता येईनात. त्यावरच भागवायचं ठरलं.

“आता चांगलं ५१२चंच घेतो,” हा लगेच सावरला. मी म्हटलं, आधी फोन किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते बघा. आणि वेष्टनावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. १७०, २०० एमबी प्रतिसेकंद हा ‘कमाल’ वाचनाचा वेग असतो, तोही त्या कंपनीच्या खास रीडरवर. साध्या यूएचएस-१ जोडणीची, म्हणजे कार्ड आणि फोन ज्या पद्धतीने डेटा देतात-घेतात तिची, मर्यादाच १०४ आहे. बघायच्या त्या बारीक खुणा. व्ही३० किंवा यू३ असेल तर सलग लिहिण्याचा वेग किमान ३० एमबी, म्हणजे फोर-के व्हिडिओलाही सहसा पुरतो. ए१, ए२ ही खूण कार्डावर अॅप ठेवायचे असतील तर कामाची. त्यातही ए२चा पूर्ण फायदा फोनची साथ असेल तरच. कार्ड अंतर्गत स्टोरेज म्हणून जोडायचा पर्याय काही अँड्रॉइड फोनमध्ये असतो, तो मात्र याच्यासारख्याने घेऊच नये. कार्ड एन्क्रिप्ट होऊन त्या एकाच फोनला बांधलं जातं, फोन गेला की फोटोही गेले.

माझं मत विचाराल तर १२८चं घ्यावं आणि दर आठवड्याला रिकामं करावं. मोठ्या कार्डाने सवय बिघडते.

नवं कार्ड आलं तेव्हा त्याला आधी तपासायला बसवलं. त्यासाठीची सॉफ्टवेअर म्हणजे विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. ही दोन्ही सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं तेच परत वाचता येतं का ते बघतात. वेळ खाणारं काम आहे, पण अस्सल नाव छापलेलं नकली कार्डही यातून सुटत नाही.

तपासणी चालू असतानाच त्याला आठवलं, त्याच विक्रेत्याकडचं दुसरं कार्ड साइटवरच्या सुपरवायझरकडे होतं. तिथूनच फोन लावला: “अहो, फोटो काढायचे थांबवा आणि कार्ड घेऊन या.” ते कार्डही तसंच निघालं. पण त्यावर जेमतेम १८ जीबी भरलं होतं, त्यामुळे एकूण एक फाइल उघडली. सगळं संगणकावर उतरवलं. वैतागून तो दोन्ही कार्डं कात्रीने कापायला निघाला होता, पण ती कार्डं मी काढून घेतली. विक्रेत्याकडे तक्रार करायची तर चाचणीच्या निकालासोबत ती दाखवावी लागणारच होती.