पसाभर कढण

पावसाळ्यात नाक गळायला लागलं की आमच्याकडे कुळथाची पिठी शिजते. लसणीची फोडणी, दोन आमसुलं, आणि ढवळायला जरा विसरलं की हमखास होणाऱ्या गुठळ्या. अंगात ताप असेल तर पिठीही जड. मग नुसतं मुगाचं कढण. माझ्या लेखी हे आजाऱ्याचं खाणं. त्यापलीकडे त्याला काही इतिहास असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

मागे अशाच एका आजारपणात मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं महासच्चकसुत्त, म्हणजे बुद्धाचं एक प्रवचन, चाळत होतो. पाली येत नाही. भाषांतर शेजारी उघडं ठेवून चाचपडणं चाललं होतं. बुद्ध आपल्या तपश्चर्येबद्दल सांगतो आहे, आणि मधेच शब्द आले : मुग्गयूस, कुलत्थयूस. भाषांतराकडे बघावंच लागलं नाही. मुगाचं कढण, कुळथाचं कढण! आणि ते घ्यायचं किती, तर 'पसतं पसतं'. हा तर आपला पसा! आजीच्या मापातला, पसाभर तांदळातला. अडीच हजार वर्षं मागे जायला निघालो होतो आणि स्वयंपाकघरातच पोचलो.

एकोणतिसाव्या वर्षी घर सोडून निघालेला हा शाक्यांचा मुलगा. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोघा गुरूंकडचं सगळं शिकून झालं. दोघांनीही मानाची जागा देऊ केली, आणि हा दोन्हीकडून उठला. मग उरुवेला, आजच्या बोधगयेजवळचं ठिकाण. तिथे श्वास कोंडून पाहिला, अन्न तोडलं. पोटाच्या कातडीला हात लावावा तर हाताला पाठीचा कणा लागायचा. डोक्याची कातडी कशी, तर कोवळेपणी तोडलेला कडू भोपळा वाऱ्या-उन्हानं सुरकुततो तशी. एवढ्या भीषण हालांचं वर्णन, पण उपमा परसातल्या वेलावरची.

आणि अशा अवस्थेत त्याला आठवतं काय? जांभळीची सावली. वडील शेतावर कामात होते, आपण जांभळीखाली गार सावलीत बसलो होतो, आणि मन आपसूक शांत झालं होतं. या सुखाला आपण का भितो आहोत, असं तो स्वतःलाच विचारतो. या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. इतकं झिजल्यावर एका पोराच्या निवांत दुपारचा भरवसा धरायचा!

पण अशा खंगलेल्या देहानं ते सुख पुन्हा सापडणार नाही, हेही त्यानं ओळखलं, आणि तो जेवला. सुजाताची खीर सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती नंतरच्या कथांमधली. या सुत्तात आहे तो भात आणि कुम्मास, पोटाला आधार देणारं साधं अन्न. खीर मला आवडते, पण इथे भातच बरा वाटतो.

तपश्चर्येत त्याच्या सोबत राहिलेले पाच जण मात्र बिथरले. गोतम चैनीला लागला म्हणाले आणि निघून गेले. भात खाल्ला म्हणून! आमच्याकडेही उपास मोडणाऱ्याकडे असंच बघतात म्हणा.

पुढे बोधी झाल्यावर तो त्यांनाच शोधत सारनाथला, इसिपतनच्या मृगवनात गेला. तो लांबून येताना दिसल्यावर पाचांनी आपसांत ठरवलं : वंदन करायचं नाही, उठायचं नाही, पात्र हातात घ्यायचं नाही. तो जवळ आला. एकानं पात्र घेतलं, एकानं आसन मांडलं, आणि एक जण पाय धुवायला पाणी घेऊन आला.