तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या फाईलमध्ये एका सिस्टरांचा फोटो का?

मी नागपूर जिल्ह्यात बचत गटांचं काम करते. बैठकीत फाईल उघडली की कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक छोटा फोटो दिसतो आणि कोणीतरी विचारतंच. खेड्यातल्या बाया सरळ विचारतात, "ताई, ह्या बाई कोन हायेत जी? तुमच्या नात्यातल्या का?" नातेवाईक जरा वेगळं विचारतात. घरात गजानन महाराजांचं पारायण होतं, मग फाईलमध्ये ही नन कशी? आणि शिकलेले, नोकरदार लोक आवाज थोडा खाली आणून विचारतात, "हे धर्मांतराचंच काम असतं ना शेवटी?"

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकदा नीट द्यावं म्हणून लिहिते आहे.

फोटो सिस्टर राणी मारिया यांचा आहे. जन्म 29 जानेवारी 1954, केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यातलं पुल्लुवळी गाव, शेतकरी कुटुंब, सात भावंडं. 1972 मध्ये त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक सिस्टरांच्या संघात गेल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री संत म्हणून 2008 मध्ये घोषित झालेल्या अल्फोन्सा याच संघाच्या. राणी मारियांना मात्र केरळात राहायचं नव्हतं. त्यांनी उत्तरेत जाण्याची इच्छा धरली आणि 1975 च्या अखेरीस त्या उत्तर प्रदेशात बिजनौरला पोचल्या. पुढं मध्य प्रदेशात सतना भागात आल्या, तिथं काम करता करता रीवा विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं. मे 1992 मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला त्यांची बदली झाली. तीन वर्षंही पुरी झाली नाहीत. 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. वय 41.

नागपुरात सिस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सदरचं कॅथेड्रल येतं, सेमिनरी हिल्सचं कॉलेज येतं, आणि त्याहून आधी कॉन्व्हेंटमधली नर्सरीच्या ॲडमिशनची रांग येते. शिस्त, इंग्रजी, स्वच्छ गणवेश. हीही सेवाच आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण कर्जाचा अर्ज भरून देणारी, आदिवासी माणसाला सोबत घेऊन बँकेच्या काउंटरपुढं उभी राहणारी, तहसिलीत जाऊन योजनेचा कागद मागणारी सिस्टर आपल्याला माहीत नसते. राणी मारिया तशा होत्या. मला त्यांचा चेहरा तिथूनच ओळखीचा वाटला.

कारण मी ज्या घरात वाढले तिथं असं कोणी आलं असतं तर फार बरं झालं असतं. काटोल तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा होता. बाबांनी विहिरीसाठी सावकाराकडून पैसे घेतले. ज्यांनी सावकारी पाहिली नाही त्यांना वाटतं, व्याज जास्त असतं एवढंच. तसं नाही. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून पैसे हातात पडतात. दर शेकडा पाच, तोही महिन्याला. म्हणजे वर्षाला साठ टक्के. दहा हजार घेतले तर महिन्याला पाचशे, आणि वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज भरून होतं, पण मुद्दल जागच्या जागी. वर, गहाणखत न करता खरेदीखतच करून घेतात. तोंडी बोली अशी की पैसे फेडले की शेत पलटवून देऊ. कायद्याच्या कागदावर कर्ज कुठंच नसतं, विक्री असते. मग मृग बहार झाडावर असतानाच सावकाराचा माणूस बगीच्यात येऊन फळं मोजतो. बायकांच्या कानावर यातलं काहीच येत नाही. माझ्या आईला शेत गेल्याचं कळलं ते शेतात दुसऱ्याचे मजूर दिसले तेव्हा.

धान्याचं कर्ज तर अजून जुनं. सवाई-दिढीनं बियाणं उचलायचं, पीक आलं की एका पोत्याचं सव्वा किंवा दीड पोतं परत करायचं. पेरणी ते कापणी जेमतेम चार-पाच महिने. त्याचं वर्षाचं व्याज काढून बघा.

उदयनगरच्या आदिवासी गावांमध्ये हेच चाललं होतं. जमीन कसायची एकानं, धान्य जायचं दुसऱ्याच्या कोठारात. राणी मारियांनी तिथं केलं ते काम ऐकायला अगदी साधं आहे. लोकांना लिहायवाचायला शिकवलं. सरकारी योजना कोणत्या, त्यांचे अर्ज कुठं मिळतात हे सांगितलं. बँकेचं कर्ज कसं घ्यायचं आणि कसं फेडायचं हे समजावलं. थोडं थोडं एकत्र साठवून आपसांत उचलायची सवय लावली. शेती सुधारायला मदत केली. यात रक्त सांडण्याजोगं काय आहे? वाचणाऱ्याला वाटेल, काहीच नाही. पण ज्याचं उत्पन्नच लोकांच्या अडचणीवर उभं आहे, त्याला गावातल्या प्रत्येक नव्या बँक पासबुकात आपलं एक कूळ गेलेलं दिसतं.

एक योगायोग मला नेहमी जाणवतो. त्या उदयनगरला आल्या त्याच वर्षी, 1992 मध्ये, नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग 500 गटांपासून सुरू केला. पुढं तो देशभर पसरला, आणि आम्ही आज गावोगाव जी पंचसूत्री म्हणून घेतो (नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, चोख हिशोब) ती त्यातूनच रुळली. आमच्याकडं आता तालुक्याचं ब्लॉक कार्यालय आहे, गटांना बँकेच्या कामात मदत करणारी बँक सखी आहे, जिल्ह्याची यंत्रणा आहे. सावकार चिडला तरी एकट्या बाईवर येत नाही. राणी मारिया त्याच दिशेनं चालल्या होत्या, पण पाठीशी असलं काही उभं राहण्याच्या आधी.

आता धर्मांतराचं. हा प्रश्न मला नागपुरात जितका ऐकू येतो तितका कदाचित दुसरीकडं येत नसेल, आणि त्याला इतिहास आहे. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, 1954 मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारनं समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. 1956 मध्ये त्यांचा अहवाल आला, मिशनऱ्यांवर कडक टीका करणारा. आजही या विषयावरच्या वादात नियोगी अहवालाचं नाव निघतंच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इथंच, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः नियोगीही होते, हे फार थोड्यांना आठवतं. माणूस आपल्या विवेकानं श्रद्धा बदलू शकतो, हे या शहराला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

राणी मारिया श्रद्धाळू होत्या. त्यांना येशू हवा होता म्हणूनच त्या घर सोडून इतक्या लांब आल्या. त्यांची श्रद्धा बाजूला ठेवून फक्त समाजसेविका म्हणून त्यांचा फोटो लावणं मला खोटेपणाचं वाटतं. कोणाला पैशाचं, अन्नाचं आमिष दाखवून धर्म बदलायला लावलं तर मी त्याच्या विरोधात आहे, कोणत्याही धर्माचं असो. पण त्यांना मारायला माणूस पाठवला गेला तो कशामुळं, ते मारणाऱ्यानंच नंतर उघडपणे सांगितलं आहे. आदिवासी बँकेत जाऊ लागले, विचारू लागले, आणि ज्यांचं बिनसलं त्या जमीनदार-सावकारांनी त्याला चिथावलं. बसमध्ये प्रवासी बसलेले असताना, नाचनबोरच्या टेकडीजवळ, समंदर सिंह नावाच्या तरुणानं त्यांच्यावर वार केले. अंगावर 54 जखमा होत्या. कोणी मध्ये पडलं नाही. राणी मारिया आपल्या गावी, केरळला जायला निघाल्या होत्या.

यानंतरची गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक असते, कारण वर्तमानपत्रांना ती आवडते. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याच संघातल्या. 2002 मध्ये त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधली. तुरुंगात स्वामी सदानंद या नावानं ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटत असत. ज्यांनी आपल्याला भरीला घातलं त्यांचा सूड घ्यायचा म्हणून तो जळत होता, त्या माणसाला त्यांनी हळूहळू शांत केलं. 2006 मध्ये त्याची सुटका झाली, आणि त्यासाठी मृत बाईच्या घरच्यांनीच पाठिंबा दिला होता. पुढच्या वर्षी तो पुल्लुवळीला गेला. राणी मारियांच्या आई एलिस्वांनी त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं, कारण त्या हातांना त्यांच्या मुलीचं रक्त लागलेलं होतं.

हे लिहितानाही माझा हात थांबतो. मी आई आहे, मला हे जमलं असतं असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून मनातलं सांगते. राखीची गोष्ट सांगून लोक जिथं थांबतात तिथं मला अस्वस्थ वाटतं. क्षमा त्या घरानं केली, तो त्यांचा अधिकार आणि त्यांचं मोठेपण. पण सावकारी काही त्यांच्या घरची नव्हती, ती माफ करायचा अधिकारही कोणाला नव्हता. मारेकऱ्याचं मन बदललं याचा आनंद मानताना ज्या कर्जाच्या वह्यांपायी हा खून झाला त्या वह्यांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. धर्मांतराचा संशय घेणारा आणि क्षमेवर भाषण करणारा, दोघंही राणी मारियांच्या अर्जांवरून, पासबुकांवरून, रात्रीच्या साक्षरता वर्गावरून उडी मारून पुढं जातात. माझ्या फाईलमध्ये फोटो आहे तो त्या मधल्या कामासाठी.

चर्चनं 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये त्यांना 'धन्य' घोषित केलं. संतपदाच्या वाटेवरचा हा एक टप्पा. हजारोंचा मेळावा झाला, समंदर सिंहही त्यात होता. तेव्हा आमच्या भागात आरोग्याचं काम करणाऱ्या एका मल्याळी सिस्टरनं मला त्यांचं छोटं कार्ड दिलं. प्रार्थना छापलेली बाजू मी कव्हरला चिकटवली, चेहरा वर ठेवला. प्रार्थना मला येत नाही म्हणून नाही, चेहरा बायांना दिसावा म्हणून.

आज हा चेहरा दिसायची गरज मला पूर्वीपेक्षा जास्त वाटते. खरेदीखतवाला सावकार अजून आहे. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, त्यात अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो, आणि हे मी प्रत्येक गटात सांगते. पण आता दुसराच प्रकार दारात आला आहे. मोटारसायकलवर येणारा कंपनीचा मुलगा, टॅबवर अंगठा, दहा-बारा जणींचं ग्रुप लोन, आठवड्याला हप्ता. कागद सगळे कायदेशीर. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीसाठी तिसरीचं. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. गटानं एकमेकींना सावरावं म्हणून आम्ही बायांना एकत्र केलं, आणि तेच एकत्र असणं आता वसुलीला जुंपलं जातंय. हे मला रात्री झोपू देत नाही. नागपूरच्या वस्त्यांमध्येही हेच, उमरेड-भिवापूरकडंही हेच.

म्हणून मी हल्ली फोटोबद्दल विचारलं की दोन वाक्यांत आटपत नाही. सगळी गोष्ट सांगते, सावकारापासून सुरू करते. परवा भिवापूरकडच्या एका गावात सांगत होते. राखीपाशी दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. मागं बसलेली एक म्हातारी मात्र तिथं पोचलीच नव्हती, ती आधीच्याच जागी अडकली होती. तिनं विचारलं, "ताई, सावकाराकडं गेलेलं वावर सोडवाले गटातून पैसे निंगतात का?"

तिच्या मुलानं शेत अडकवलं होतं, आणि हे ती पहिल्यांदाच चारचौघींत बोलत होती. मग बैठक त्यावरच चालली. खरेदीखत झालंय की नुसता साधा स्टॅम्पपेपर आहे, हे आधी बघायचं ठरलं. साधा कागद असेल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून शेकडा एकनं रक्कम द्यायची, आणि पैसे सावकाराच्या हातात देताना गटातल्या तिघींनी सोबत जाऊन पावती घ्यायची. खरेदीखत असेल तर आधी उपनिबंधकाकडं अर्ज. सचिव बाईनं ठराव रजिस्टरमध्ये लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला आणि सह्यांसाठी पुढं सरकवला.