पिळा, पिळा, अजून पिळा

डिसेंबरात एका लग्नाहून आलो आणि रात्री दोन वाजता उजव्या बरगडीखाली जे दुखायला लागलं ते पार पाठीपर्यंत गेलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करूच, पण आधी शुगर जरा ताळ्यावर येऊ द्या, तोवर तेल-तूप-तळण कमी आणि मटण तर विसराच. आता पंचाईत अशी की आमच्या घरी रविवारचं मटण हे माझं खातं. बायको पक्की शाकाहारी, ती त्या दिवशी पोळ्या लाटून देते आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडते, बाकी कांदा चिरण्यापासून कुकर घासण्यापर्यंत सगळं मी. पहिल्याच रविवारी पुढ्यात दुधी आला. तोंड बघून आई म्हणाली, "अरे सोयाबीन कर ना, सगळा माळवा पिकवतो, आपणच काय ते खात नाही."

खरंच आहे की. इंदुरात राहून सोयाबीन म्हणजे माझ्या लेखी फक्त तेलाचा डबा. आई सांगते तिच्या लहानपणी देवासकडच्या त्यांच्या काळ्या मातीच्या शेतात चौमाशात काहीच पेरत नसत, रान तसंच पडून आणि मग रब्बीला गहू-हरभरा. सोयाबीन नंतर आलं आणि बघता बघता सगळीकडे झालं. खंडवा रोडला 1987 पासून सोयाबीनची सरकारी संशोधन संस्था आहे, न्यूट्रेला वड्यांची रुचि सोया कंपनी पण मूळची इथलीच (2022 पासून तिचं नाव पतंजली फूड्स), तरी आमच्याकडे सोयाची वडी यायची ती फक्त पुलावात, वाटाण्याच्या जोडीला, आणि ताटाच्या कडेला सारली जायची.

मग थोडं वाचलं, तर गंमत कळली. सोयाबीनच्या दाण्यात साधारण 40 टक्के प्रोटीन आणि 20 टक्के तेल असतं. कारखान्यात दाणा फोडून, साल काढून, पोह्यासारखा चपटा करतात आणि हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या द्रवात भिजवून त्यातलं तेल काढून घेतात. तेल डब्यात जातं. उरलेल्या पेंडीचं पीठ मळून गरम मशीनमधून दाबानं बाहेर काढलं की ते कुरकुऱ्यासारखं फुलतं, तीच आपली वडी. म्हणून कोरड्या 100 ग्रॅम वडीत प्रोटीन 50 ग्रॅमच्या आसपास आणि फॅट जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. आणि आपण काय करतो, त्याच सोयाबीनचं तेल दोन पळ्या कढईत ओततो आणि त्याच वड्या त्यात लालेलाल तळतो. म्हणजे कारखान्यानं एवढी मेहनत करून काढलेलं तेल आपण घरी परत भरतो!

हे कळायच्या आधी मी एक शहाणपण करून बसलो होतो. मित्र म्हणाला सोया चाप खा भिया, सोयाच तर आहे, मटणासारखी लागते. एका ठेल्यावर मलाई चाप खाल्ली, दीड प्लेट. रात्री परत तेच बरगडीखाली. चापमध्ये सोयाचं पीठ असतं तसा भरपूर मैदाही असतो, बरेच जण ती आधी तळून ठेवतात आणि मग मलाई, लोणी, वरून चकाकी यावी म्हणून अजून लोणी. नावात सोया आहे म्हणून लो-फॅट, असं काही नसतं. फ्रोजनमध्ये मिळणाऱ्या सोया कबाब आणि नगेट्सचंही तेच, पाकीट उलटं करून मागचं वाचायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, तिथे तेल पहिल्या तीन-चारात दिसलं की पाकीट परत फ्रीजरात. वडीच्या पाकिटावर मात्र डिफॅटेड सोया फ्लोअर, म्हणजे तेल काढलेलं सोयाचं पीठ, एवढंच असलं की माझं समाधान.

टोफूबद्दल दोन शब्द. पनीरपेक्षा फॅट बरंच कमी, पण वडीइतकं नाही, कारण ते तेल न काढलेल्या दाण्याच्या दुधाचं असतं. शिवाय पाकिटावरचे आकडे बघताना मी आधी फसलो, टोफूचे 100 ग्रॅम ओले आणि वडीचे 100 ग्रॅम कोरडे, त्यांची तुलना कशी करणार? एका माणसाला कोरडी वडी 25-30 ग्रॅम पुरते, भिजल्यावर तिप्पट होते, आणि त्यातून प्रोटीन मिळतं 13 ते 15 ग्रॅम. टोफूची भुर्जी मला सकाळी चालते, मटणाच्या जागी नाही. रश्श्यात तो बिचारा नुसता पोहत राहतो.

आता मुख्य काम. पहिल्यांदा मी वड्या धुऊन सरळ रश्श्यात टाकल्या. अर्ध्या तासानं झाकण काढलं तर रस्सा गायब! वड्यांनी सगळा पिऊन टाकलेला, फुगून बसल्या होत्या, आणि तो कच्च्या सोयाचा वास, ओल्या पुठ्ठ्यासारखा, मसाल्याच्या डोक्यावर बसलेला. मुलानं एक खाल्ली आणि म्हणाला बाबा, हा स्पंज आहे.

तर वास घालवायचा असेल तर पिळणं हाच उपाय. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं, वर पिवळट फेस येतो, ते पाणी फेकायचं, भाजीला वापरायचा मोह नको. मग गार पाणी, आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून पिळायचं. पहिलं पाणी गढूळ, साबणाच्या पाण्यासारखं. परत पाणी, परत पिळा. तिसऱ्या-चौथ्यांदा पाणी नितळ यायला लागतं आणि हातातली वडी चपटी होऊन हळूहळू परत उठते, तेव्हा झालं समजायचं. आईला सोयानं पोट फुगायचं, ती तक्रारही या पिळण्यानंतर कमी झाली. चपटी असतानाच मसाल्याच्या दह्यात टाकायची (साय काढलेल्या दुधाचं दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ), म्हणजे उठताना ती पाणी न पिता मसाला पिते. तासभर तरी ठेवा, मी सकाळीच करून ठेवतो.

वाटणाचं दुःख मोठं. आमच्या मटणाचा जीव म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं, आणि सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त फॅट. चार दिवस मी त्याच्याशी भांडलो. शेवटी कांदा अख्खाच गॅसवर काळा होईपर्यंत भाजला, सोबत लसणाचा गड्डा, आणि दाटपणासाठी खोबऱ्याऐवजी फुटाण्याची डाळ. खोबरं फक्त एक चमचा, कोरडं भाजून, नुसत्या वासापुरतं. तेल चौघांत दोन लहान चमचे, त्यात तेजपत्ता, लवंग, दालचिनी, मग वाटण. खाली लागायला लागलं की तेल नाही, पाण्याचा हबका. मग दह्यातल्या वड्या, कढईवर ताटली, ताटलीत पाणी, आई भाज्या करते तसं, आणि मंद आचेवर वीस मिनिटं. मसाला कोरडाच परतला जातो, तर्री येत नाही हे कबूल. तर्री बघायची सवय डोळ्यांना असते, जिभेला तेवढी नसते, असं मी स्वतःला सांगतो.

बायकोला थायरॉइडची गोळी आहे. सोयामुळे ती गोळी अंगाला नीट लागत नाही म्हणतात, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी पहाटे आणि सोया दुपारी असं ठरलंय. तुमच्याकडे कुणाला असेल तर विचारून घ्या.

खरं सांगू, अख्ख्या वडीपेक्षा खिमा जास्त जमलाय. सोयाचा चुरा मिळतो, सियागंज बाजारात सुटाही मिळतो पण त्यात वडीची भुकटी मिसळलेली निघते म्हणून मी पाकीटच घेतो. गरम पाण्यात पाच मिनिटं, मग जुन्या पंचात बांधून पिळायचा, चक्का टांगायच्या आधी पिळतात तसा, अगदी हात दुखेपर्यंत. कोरड्या कढईत आधी नुसताच परतायचा, खरपूस वास येईपर्यंत, मग मटार, टोमॅटो, हिरवी मिरची, शेवटी पुदिना आणि लिंबू. वड्यांना मटण म्हटलं की सगळे हसतात, खिम्याला खिमा म्हटलं तर कुणी काही बोलत नाही.

गेल्या रविवारी पोळ्या लाटता लाटता बायकोनं वाटीभर खिमा घेतला, वरून जीरावन मसाला भुरभुरला, आणि उभ्या उभ्याच खाल्ला. खिडकी त्या दिवशी बंदच होती.