निकाल नसलेला खटला

कोर्टाचा सिनेमा लागला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. गोष्ट कितीही पातळ असो, साक्षीदार उभा राहिला की मी सरसावून बसते. आपल्या सिनेमांनी लावलेल्या सवयी मात्र जुन्या जर्मन सिनेमात उपयोगी पडत नाहीत. तिथे न्यायाधीशाकडे हातोडा नसतो, त्यामुळे ‘ऑर्डर, ऑर्डर’ नाही. शिवाय तो गप्प ऐकत बसत नाही, बहुतेक प्रश्न तोच विचारतो. १९२४ मध्ये त्यांनी स्वतंत्र ज्यूरी मोडीत काढली. तेव्हापासून खुनाच्या खटल्यात तीन न्यायाधीश आणि सहा साधे नागरिक एकाच पंगतीत बसून निकाल द्यायचे.

१९४१ सालचा ‘इष क्लागे आन’, म्हणजे ‘मी आरोप करतो’, मी असाच हौसेने बघायला घेतला होता. हेल्मुट उंगर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने लिहिलेल्या कादंबरीवरचा सिनेमा, दिग्दर्शक वोल्फगांग लीबेनायनर. सुरुवातीला घरी पाहुणे जमलेले असतात, हाना पियानोला बसते आणि छान चाललेल्या सुरात तिचा डावा हातच दगा देतो. ती हसून वेळ मारून नेते. हायडेमारी हाटहायर या नटीने ते हसू असं काही केलंय, की पुढचं सगळं तिथेच कळतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, हळूहळू सगळं शरीर लुळं करणारा मज्जासंस्थेचा आजार. नवरा डॉक्टर, प्रयोगशाळेत रात्रंदिवस राबतो, औषध सापडत नाही. ती मरण मागते. शेवटी तोच तिला ते पाजतो, आणि शेजारच्या खोलीत त्यांचा डॉक्टर मित्र लांग पियानो वाजवत असतो. डोळे पुसावेत की नाही, अशा पेचात मी.

मग नवऱ्यावर खटला. साक्षी होतात, मधल्या सुट्टीत ते साधे नागरिक आपसांत वाद घालतात, आणि आरोपीच उलट कायद्यावर आरोप ठेवतो. निकाल दाखवतच नाहीत. तो आपण द्यायचा.

इथे मला रिकार्डा हूख या जर्मन लेखिकेची १९१७ सालची ‘डेर फाल डेरूगा’ ही कादंबरी आठवली. तिच्यावर १९३८ मध्ये विली बिर्गेलला घेऊन सिनेमाही निघाला. गाभा तोच. डॉक्टर डेरूगावर घटस्फोटित बायकोला क्युरारे हे विष देऊन मारल्याचा आळ आहे. तिने मालमत्ता त्याच्याच नावावर केलेली, म्हणजे हेतू आयता तयार. तो माणूसही असा तिरसट की आपण मनातल्या मनात फाशीच देऊन टाकतो. आणि मग एक पत्र निघतं. कॅन्सरने हैराण झालेल्या बायकोनेच लिहिलेलं: ये आणि मला सोडव. जर्मन कायद्यात १८७१ पासून २१६वं कलम आहे. मरणाऱ्याने स्वतः, मनापासून मागितलं असेल तर तो खून नव्हे, वेगळा आणि सौम्य गुन्हा. म्हणून सगळा खेळ त्या पत्राचा.

१९४१च्या सिनेमात हानाही मागते, मग बिघडलं कुठे? मधल्या एका उपकथेत. लांगने मरणाच्या दारातून वाचवलेलं एक तान्हं बाळ आंधळं, बहिरं आणि मतिमंद झालेलं आहे, आणि आईबापच त्याला म्हणतात, कशाला वाचवलंत? लांगचं मत तिथे फिरतं. पाहताना ते सहज निसटतं, कारण जीव हानात अडकलेला असतो. पण त्या बाळाने काही मागितलेलं नाही, त्याचं पत्र नाही. हानासाठी काढलेल्या रुमालात बाळही गुंडाळून टाकायचं, ही सगळी चलाखी. पटकथाकाराचं कसब मान्य करावं लागतं, आणि त्याचाच राग येतो.

कारण तेव्हा बाहेर तेच चाललं होतं. १९३९ पासून इस्पितळांतल्या मनोरुग्णांना, अपंगांना ‘दयेने’ मारण्याची सरकारी योजनाच होती. १९४१च्या ऑगस्टपर्यंत ७० हजारांहून अधिक माणसं विषारी वायूने मारली गेली. ३ ऑगस्टला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन चर्चमध्ये उघड बोलले, २४ तारखेला हिटलरने योजना थांबवल्याचं दाखवलं (मारणं दुसऱ्या वाटांनी सुरूच राहिलं), आणि २९ तारखेला हा सिनेमा झळकला. दीड कोटीहून अधिक लोकांनी तो पाहिला. ज्यांनी पियानोपाशी डोळे पुसले, त्यांना मी काय नावं ठेवू?

रिकार्डा हूख तोवर सरकारच्या मर्जीतून उतरली होती. प्रशियाच्या कला अकादमीच्या साहित्य विभागातली ती पहिली स्त्री सदस्य. १९३३ मध्ये नाझींची री ओढायला सांगितल्यावर तिने खरमरीत पत्र लिहून राजीनामा दिला, अडुसष्टाव्या वर्षी. पत्रावर हिचा विश्वास दांडगाच म्हणायचा.

लीबेनायनरचं काही अडलं नाही. युद्धानंतरही तो सिनेमे करत राहिला, आणि १९५६ मध्ये त्याने गाणाऱ्या ट्राप कुटुंबावर काढलेला गोड सिनेमा तुफान चालला. ‘इष क्लागे आन’ मात्र जर्मनीत आजही मोकळा सोडलेला नाही. आधी माहितगाराने प्रस्तावना करायची, सिनेमा संपल्यावर चर्चा घ्यायची, या अटीवरच तो दाखवतात.