साप देऊन टाकला की सुटलो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो आणि आमच्या लेकाने बॉल पायथन (लहान जातीचा अजगर) पाळलाय. हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, ‘चावतो का?’ (सहसा नाही. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं आत खुपसतो, नावच त्यावरून पडलंय.) ज्यांना आमच्या सापावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, झाल्याची भानगड ऐकून माहीत आहे, ते पुढचं विचारतात: ‘एवढे किडे झाले, तर साप देऊन का नाही टाकलात?’

कारण त्याने किडे गेले नसते. साप तेवढा गेला असता.

हे माइट्स गोचिडीच्या जातकुळीतले. शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. पितात सापाचं रक्त, पण पोट भरलेली मादी सापावर थांबत नाही. उतरते, सापाच्या काचेच्या टाकीच्या भिंतीवरून वर चढते आणि अंधारी, दमट फट बघून अंडी घालते. झाकणाची खाच, स्क्रूचं भोक, काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन, काहीही चालतं. सापासाठी टाकी उबदार ठेवावी लागते, आणि नेमकी तीच ऊब त्यांनाही मानवते. २५ ते ३० अंशांत अंड्यापासून प्रौढ माइट व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. रक्त न मिळताही ते काही आठवडे तग धरतात. म्हणजे साप दुसऱ्याला दिला, तर थोडे माइट्स त्याच्या घरी जाणार आणि उरलेले उपाशी आमच्या घरात फिरणार.

उपाशी फिरणारेच माणसाला चावतात. हो, चावतात. मनगटावर, पोटावर, जिथे कपडा घट्ट बसतो तिथे लाल, खाजरे पुरळ उठतात. १९७५ साली एका ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात अशा प्रकाराची नोंदही झाली आहे. पण माणसाच्या रक्तावर त्यांचा वंश चालत नाही, त्यामुळे ते उवांसारखे आपल्यावर मुक्काम ठोकत नाहीत. सापावरच्या आणि टाकीतल्या माइट्सचा बंदोबस्त झाला की पुरळही थांबतं.

ओळखायचं कसं? एरवी दिवसभर आपल्या बिळात पडून राहणारा साप पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसायला लागला, की तळाशी बघा. खसखशीएवढे काळे ठिपके दिसतील. ते बुडालेले माइट्स. मग ओला पांढरा पेपर टॉवेल सापाच्या अंगावरून शेपटीकडे सरकवत न्या. ठिपके चालायला लागले किंवा दाबल्यावर लाल डाग पडला, तर शंकाच नको. डोळ्याभोवतीची कड, हनुवटीखालची खाच आणि शेपटीच्या सुरुवातीचं गुदद्वार या त्यांच्या खास जागा. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळ्याच्या कडेला अडकलेला माइट तो झटकूही शकत नाही. फार झाले तर साप खायचं सोडतो, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, लहान पिल्लाला रक्तक्षय होतो.

सापाला कोमट पाण्यात बसवलं की बरेच माइट्स बुडून मरतात. डोक्यावरचे वाचतात, कारण साप डोकं बाहेर ठेवतो. तरी हा सोपा भाग. खरं युद्ध टाकीशी. आतलं सगळं बेडिंग (तळाला पसरलेला भुसा वगैरे) पिशवीत घालून, गाठ मारून थेट बाहेर. लाकडाचे ओंडके, साली फेकून द्यायच्या. प्रत्येक खाचेत कडकडीत पाणी आणि जुना टूथब्रश. खोलीचा गालिचा व्हॅक्यूम करायचा आणि त्याची पिशवीही त्याच दिवशी घराबाहेर. त्यानंतर टाकीत नुसता पेपर टॉवेल, एक प्लॅस्टिकचं बीळ, पाण्याचं भांडं, बस. दिसायला दरिद्री, पण एकही ठिपका लपत नाही. औषधं अंड्यांवर फारशी चालत नाहीत, म्हणून हेच पुन्हा पुन्हा, सगळं स्वच्छ दिसायला लागल्यावरही काही आठवडे. बहुतेक लोक नेमके इथे कंटाळतात.

औषधाचं नाव आणि प्रमाण सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटलाच (प्राण्यांच्या डॉक्टरलाच) विचारा. मी फक्त धोके सांगते. माइट्स मारायच्या औषधांपैकी पर्मेथ्रिन मांजराला विषारी. फिप्रोनिल सशाला. आयव्हरमेक्टिन सापाला देतात, पण कासवाला ते जीवघेणं. घरात आणखी कोण कोण आहे, हे व्हेटला आधी सांगा. सासूबाईंनी फोनवर सुचवलं होतं, ‘अगं, डांबराच्या चार गोळ्या टाक की आत.’ ट्रंकेतल्या साड्यांना ठीक, पण बंद टाकीत ती वाफ सापालाच बाधते. कडुलिंबाचं तेलही सुचवून झालं. त्यांना मी ‘बघते’ म्हटलं आणि विषय बदलला.

पुण्यातला भाचा आता साप पाळायचं म्हणतोय. त्याला सांगितलं ते इथेही लिहिते. धामण, नाग, आपल्याकडचा अजगर, यांतलं काहीही घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नीट असले, तरी नवा साप दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचा आणि घरात आधीचा साप असेल तर नव्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आणि पैसे मोजण्याआधी तो पांढरा पेपर टॉवेल तिथेच, दुकानातच फिरवायचा. विकणारा ‘कशाला, कशाला’ करायला लागला, तर सरळ घरी यायचं.