हिरवा दिवा आणि मेलेली लिंक

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून तक्रार आली तेव्हा गेटवर भरलेले ट्रक खोळंबले होते. ईआरपी, म्हणजे बिलं आणि हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, त्याचा सर्व्हर मुंबईच्या हेड ऑफिसात. तो दिसत नाही म्हणजे इनव्हॉइस नाही, ई-वे बिल नाही. दोन आयएसपींच्या (इंटरनेट कंपन्यांच्या) दोन लिंक होत्या आणि फेलओव्हर, म्हणजे एक पडली की आपोआप दुसरीवर जाणं, तपासल्याची आधीच्या व्हेंडरची सहीही होती. पहिली लिंक मेलेली, दुसरी धडधाकट, तरी राउटर सगळा ट्रॅफिक पहिलीवरच ढकलत होता.

कारण त्या पोर्टवरचा दिवा हिरवा होता. बाहेरून आलेली फायबर मीडिया कन्व्हर्टरवर, म्हणजे प्रकाशाचा सिग्नल कॉपर केबलसाठी विजेत बदलणाऱ्या डबीवर, संपते, तिथून राउटरपर्यंत हातभर कॉपर केबल. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली, तरी कन्व्हर्टरला वीज आहे तोवर कॉपरची बाजू चालूच राहते. काही कन्व्हर्टरवर फायबर पडताच कॉपर पोर्टही पाडणारा डिप स्विच असतो. इथे तो बंद होता. राउटरमध्ये दोन स्टॅटिक डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचे हाताने लिहिलेले मार्ग, एकाचा डिस्टन्स १ आणि दुसऱ्याचा २५०; कमी डिस्टन्सचा आधी वापरला जातो. पोर्ट पडल्याशिवाय पहिला रूट हटत नाही. आणि चाचणी कशी घेतली होती? राउटरमागची केबल उपटून! लिंक अशी मरतच नाही. अशा चाचणीवर सह्या होतात, याची मला अजून चीड येते.

उपाय म्हणजे पिंग करून, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघून, रूटवर लक्ष ठेवणे. पण पिंग कुठे करायचा, इथेच बहुतेक जण फसतात. आयएसपीचा गेटवे (त्यांच्याकडचा पहिला राउटर) पुरेसा नाही, कारण त्याच्या पलीकडे फायबर तुटली तरी तो उत्तर देतच राहतो. म्हणून बाहेरचे दोन वेगवेगळे पत्ते घेतले. दर ५ सेकंदांनी पिंग, आणि दोन्ही गप्प झाले तरच लिंक मेली असं धरायचं. त्या पत्त्यांचे होस्ट रूट, म्हणजे फक्त त्या एकेका पत्त्यापुरते मार्ग, पहिल्या लिंकला बांधले. नाहीतर फेलओव्हर झाल्यावर पिंग दुसरीवरून यशस्वी होतो, राउटरला पहिली जिवंत वाटते, तो परत फिरतो आणि ही ये-जा थांबत नाही. पोर्टच पडला तर होस्ट रूटही जातो, म्हणून त्याखाली जास्त डिस्टन्सचा नल रूट, म्हणजे पॅकेट टाकून देणारा मार्ग, हवाच. एवढं केल्यावर पहिली लिंक पडलेली असताना ते पत्ते कोणालाच दिसत नाहीत. म्हणून ऑफिसचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) ८.८.८.८ असेल तर तोच पत्ता पिंगसाठी घेऊ नये. पडल्यावर १५ सेकंद थांबून वळायचं आणि परतताना १८० सेकंद, कारण नुकती जोडलेली फायबर दोन-चारदा तरी पडते.

ट्रॅफिक दुसरीवर वळवला, हेड ऑफिसकडचा दुसरा व्हीपीएन टनेल (इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी) उभा राहिला, बिलं निघू लागली. टेबलावरचे फोन मात्र मुकेच. त्यांचा पीबीएक्स (फोन एक्स्चेंज) क्लाउडवर आहे आणि फोन दर ३० सेकंदांनी कीपअलाइव्ह, म्हणजे 'मी आहे' असं सांगणारं पॅकेट, पाठवतात. ही पॅकेट यूडीपी प्रकारची. राउटरमधली त्यांची नॅट नोंद, म्हणजे आतला फोन बाहेर कोणत्या पत्त्याने जातो याची नोंद, ३०० सेकंद शांतता असेल तरच मरते, म्हणजे ती कधीच मरत नव्हती. पॅकेट दुसऱ्या लिंकवरून जात होतं, पण अंगावर पहिल्या आयएसपीचा पत्ता घेऊन, आणि दुसरा आयएसपी ते टाकून देत होता. आता लिंक बदलली की नॅट टेबल साफ करणारी छोटी स्क्रिप्ट राउटरमध्येच आहे.

खरा धक्का संध्याकाळी बसला. लाइनमनबरोबर फायबरच्या मार्गाने चालत गेलो तर गेटसमोरच्या चेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच डक्टमधून आत येत होत्या. जेसीबी त्या चेंबरवर चालला असता तर ही सगळी कारागिरी फुकट होती. 'डायव्हर्स पाथ' (वेगळा मार्ग) हे शब्द दोन्ही कोटेशनमध्ये होते, मार्गाचा नकाशा एकातही नव्हता. त्यात भर म्हणून दुसऱ्या लिंकचा कन्व्हर्टर यूपीएसऐवजी भिंतीच्या सॉकेटवर. तो त्याच दिवशी हलवला.

तिसरा मार्ग म्हणून ४जी राउटर लावला. सिमला सहसा स्वतःचा पब्लिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे टनेल कारखान्याकडूनच सुरू व्हावा लागतो, यूडीपी पोर्ट ४५०० वर, आणि टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३६० बाइटवर उतरवला. आता चाचणीत केबल नाही, कन्व्हर्टरमधला फायबर पॅचकॉर्ड काढतो आणि त्या वेळी एक फोन कॉल चालू ठेवतो. तो कॉल तुटतोच, पण पुढचा लागला पाहिजे. दुसऱ्या कंपनीकडे मार्गाचा नकाशा मागितला आहे, आणि तो येईपर्यंत त्यांच्या करारावर सही करू नका असं पर्चेसला लेखी कळवलं आहे.