आमची वाटचाल : चार इंची पान

छापखान्यात कागद कापला की बाजूला पट्टी उरते. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे निघतात, तिथल्या अडत दुकानांची बिलबुकं आम्ही अण्णांच्या वेळेपासून छापतो. 18 × 23 इंचाच्या डेमी कागदातून त्यांच्या मापाची पानं काढली की चारेक इंच रुंदीची लांबट पट्टी शिल्लक राहायची. अण्णा ती टाकू द्यायचे नाहीत. 2006 साली त्याच पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी मजकूर छापून मी बिलबुकांच्या गठ्ठ्यांत एकेक प्रत सारायला लागलो. नाव दिलं नव्हतं. गिऱ्हाइकं 'पान' म्हणायला लागली, तेच राहिलं.

हे सुचलं ते अण्णांच्या बोलण्यातून. शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. तिथं 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, तेही कारखान्याचा माल लोकांपर्यंत पोचावा म्हणून. पुढं ते महाराष्ट्रभर वाचलं गेलं, 1930 मध्ये त्याच घरातून 'स्त्री' मासिक निघालं. नांगर विकणाऱ्यांना वाचक मिळाले, मग आपण तर छापखानेवाले, असं अण्णा म्हणायचे.

पहिले सात-आठ महिने मात्र पान कुणीच वाचलं नाही. मी सुविचार टाकत होतो, आरोग्याच्या टिपा टाकत होतो. एका अडत दुकानाचे दिवाणजी सरळ म्हणाले, "हे सगळं कॅलेंडरच्या मागं असतंय की. ह्यात तुमचं काय आहे?"

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या पानात मी अण्णांची गोष्ट लिहिली. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, हातानं जुळवण्याच्या काळात त्यांच्याकडून एका लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ तासाभरानं चुकली. निम्म्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. अण्णांनी उरलेल्या पत्रिका हातानं दुरुस्त केल्या आणि वाटलेल्यांसाठी दोन रात्री सायकलवरून तीन गावं पालथी घातली, दार वाजवून प्रत्येक घरी वेळ सांगितली. पायानं चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनबद्दल, उलटी अक्षरं सुलट वाचण्याबद्दलही लिहिलं, पण लोकांच्या लक्षात राहिली ती सायकल. पान वाटल्यावर आठवड्याभरात एक आजी दुकानात आल्या. पिशवीतून जपून पत्रिका काढली. मुहूर्तावर शाईनं खाडाखोड, अण्णांच्या अक्षरात. "माझ्या लग्नाची," म्हणाल्या. अण्णा कितीतरी वेळ ती हातात धरून बसले होते.

तेव्हापासून आम्ही डोळ्यांदेखत घडलेलंच लिहितो. रॅकवर द्राक्षं कशी पसरतात, बेदाणा निवडणाऱ्या बायका दिवसभर काय बोलतात, ऋषिपंचमीला गणपतीचा रथ ओढताना दोराला हात लागावा म्हणून लोक कुठून कुठून येतात. एकदा मी द्राक्ष आठ दिवसांत वाळतं असं लिहिलं. शेडवर काम करणाऱ्या एक मावशी दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाल्या, "आठ दिसांत? पंधरा दिस तरी लागत्यात. आमाला इचारायचं की." पुढच्या पानाची सुरुवातच त्या दुरुस्तीनं केली. मावशींचा सगळा गट तेव्हापासून पान मागून नेतो.

पान निघायचा दिवस संकष्टी ठरवला, कारण परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या आमच्या गणपतीला त्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसं येतात. एकच संकष्टी चुकली, अण्णा गेले तेव्हाची. तेरावं झाल्यावर दुकान उघडलं तर पायरीवर तिघं उभे होते. त्यांनी आधी हात जोडले आणि मग हळूच विचारलं, पान येणार ना?

आमच्या भागातली पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी शुद्ध करायला ती देशभर पांगली आहेत. सुट्टीला आलेली माणसं पानं घेऊन जायची, मग पत्रं येऊ लागली : कोइमतूरहून, वाराणसीहून, 'टपालानं पाठवा, पैसे देतो.' तेव्हा रीतसर नियतकालिक करायचं ठरलं. तेव्हा लागू असलेल्या 1867 च्या छापखाने-वृत्तपत्रांच्या कायद्याप्रमाणे घोषणापत्र, दिल्लीहून नावाची मंजुरी, दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन, हे सगळं करावं लागायचं. हेलपाटे झाले, पण नोंदणीमुळे टपालखर्च कमी झाला. दोनशे प्रतींवरून आम्ही चौदाशेंवर आलो. आता पट्ट्या पुरत नाहीत, नवा कागद विकत घेतो, पण माप तेच चार इंची ठेवलं आहे.

धंद्यालाही पानानंच सावरलं. अडत दुकानांत संगणक आले, बिलबुकं निम्म्यावर आली. मी काळजीत होतो. त्याच सुमारास पान वाचणाऱ्या एका घरानं विचारलं, आमच्या आजोबांच्या आठवणी अशाच लिहून, छापून द्याल का? मग दुसऱ्या घरानं विचारलं. आज आमचं निम्मं काम कुलवृत्तांत, गावांच्या स्मरणिका आणि अशा आठवणींच्या पुस्तकांचं आहे. बायको माणसांना बोलतं करते, मी लिहून काढतो, मुलगी मुद्रितं तपासते.

गेल्या महिन्यात कोइमतूरहून एका वहिनींचं पत्र आलं. त्यांची मुलं तिथल्या शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात. मराठी वाचायला घरात आमचं पानच आहे, पण अक्षर बारीक पडतं, पोरं अडखळतात. पुढच्या संकष्टीपासून अक्षर 10 पॉइंटऐवजी 14 करतोय. मजकूर बसणार नाही, म्हणून एकाऐवजी दोन पानं जोडून पिन मारणार आहोत. वर्गणी तीच राहील.